कुंपणाचा कायदा

न्यूझीलंडमधल्या आमच्या गावच्या कोंडवाड्यापुढे मी घोडा सोडवायला उभा होतो. माझ्यापुढे इथल्या मूळच्या माओरी लोकांतली म्हातारी हेरा, दारात कोंडवाड्याचा कारकून टकेट.

"मेंबरसाहेबांच्या गाईनं माझी रताळी फस्त केली. भरपाई दे."

"मळ्याला कुंपण होतं का, आजी?"

"कशाला असेल? तुम्ही गोरे येईपर्यंत इथे गाईच नव्हत्या!"

"कुंपण नाही, तर भरपाई नाही. प्रांताचा कायदा आहे."

"बरं, मग माझं डुक्कर तरी सोड."

"ते मेंबरसाहेबांच्या बागेत शिरलं होतं. आधी दंड."

"त्या बागेला कुठं कुंपण आहे?"

"मेंबरांना सूट आहे."

"कोणी दिली?"

"प्रांताच्या सभेनं. एकमतानं."

"मला कोणी विचारलं?"

"तुम्हा लोकांना तिथे मत नाही."

"आणि गाईला?"

"गाईला कसलं मत, आजी?"

"नसेल कसं! कायदा तर तिनंच केलेला दिसतोय."