दोन बाटल्या रक्त

दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासून बाहेर आलेलं जोडपं शेजारी टेकलं आणि शिंपीणकाकूंची जपमाळ थांबली.

“शरीरसंबंधातून हेपटायटिस सी क्वचितच होतो म्हणाले डॉक्टर. तीस वर्षांपूर्वी बाळंतपणात तुला दोन बाटल्या रक्त चढवलं, त्यातूनच आला असणार.”

“मी वर्षभर तेच सांगत होते. तुम्ही विचारत होतात, कुणाकडून आणलास?”

“झालं गेलं. गोळ्यांनी बरा होतो म्हणाले ना!”

“आजार होईल हो बरा. ताईंना काय काय सांगितलंत माझ्याबद्दल?”

“सांगेन समजावून.”

“आत्ता. माझ्यासमोर.”

“इथं? चारचौघांत?”

“माझी अब्रू काय देवघरात बसून काढलीत?”

त्यानं फोन लावला.

“ताई, दाखवलं डॉक्टरांना. होईल म्हणाले बरी... हो गं, मी केलं तिला माफ.”