रबराचे पाय

नाय, नाय, तिथे नको. ते बाकडं माझ्या खोक्यांचं हाय, त्याला हात लावायचा नाय. तुमच्या डब्या खाली सतरंजीवर ठेवा. आणि काय बोलायचं ते तोंड इकडे करून बोला — नाव काय म्हणालात? मानोराव? — हां, नागोराव. मग तसं मोठ्याने सांगा की. तुमी बोईसरचे लोक सगळे तोंडातल्या तोंडात बोलता. तुमाला पाठवणारा माझा पोरगा, प्रणव, तो पण तसाच झालाय. इथे घिवलीत होता तोवर त्याची हाक वाडीच्या टोकापर्यंत जायची. कंपनीत लागला, बोईसरला राहायला गेला, आणि आवाज पार बारीक झाला त्याचा. समोर बसून बोलतो तरी नुसते ओठ हलतात. तिकडची हवाच तशी असेल.

काढा बाहेर. बघू. — ही? स्पीकर म्हणून एवढीशी डबी? उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत — लाकूड कुठे हाय हिच्यात? पुढे कापड कुठे हाय? पडदा उघडाच टाकलाय, कुणाचं बोट लागलं की खड्डा. आणि वजन? शी. आत काय भरलंय, कापूस? — काय म्हणता, खोलीभर आवाज येतो? येईल. डास पण खोलीभर ऐकू येतो, म्हणून त्याला कोण पाळतं का? — आणि हे खाली काय चिकटवलंय? रबर? हिला रबराचे पाय कशाला? — मोठ्याने. — आवाज टेबलात उतरू नये म्हणून? काय सांगता! मग त्या आवाजाने उतरायचं कुठे? घरी पाहुणा आला आणि त्याला सांगायचं, या, बसा, पण पाय जमिनीला टेकू नका! ह्याला तुमी सुधारणा म्हणता. थू. — नाय, तुमाला नाय म्हणालो. डबीला म्हणालो.

आता इकडे या. हे बघा माझे. उंचीला दीड हात नायत, पण एक उचलून दाखवा — बघा, लागला ना कमरेला हात? आत सगळं भरीव. विलायती हायत. अणुवीज केंद्राच्या कॉलनीत एक इंजिनियर साहेब होते, त्यांच्या गणपतीला मी दरवर्षी मृदुंगाला असायचो. त्यांची बदली झाली तेव्हा सगळं सामान विकलं, हे नाय विकलं. गाडीत घालून इथे आले, स्वतः उतरवून ठेवले आणि म्हणाले, धर्माजी, तुमचा हात ज्याने ऐकला त्याला दुसरं काय वाजवावंसं वाटणार नाय, तुमीच ठेवा. साहेब माणूस असं बोलला. खाऱ्या हवेने पडद्याच्या कडा खाल्ल्या — इथे खारी हवा काय सोडते का, दाराच्या कड्या खाते, पंख्याची पाती खाते — तर मी मऊ चामडं कापून कडा बसवल्या. मृदुंगाच्या तोंडावर चामड्याची पुडी बांधणाऱ्या माणसाला त्याचं काय? तुमच्या डबीची कड गेली की काय कराल? फेकाल. दुसरी आणाल. ती गेली की तिसरी.

आणि ऐकायची पण रीत असते, नागोराव. समोर खुर्चीत बसून पायावर पाय टाकून ऐकायचं नसतं. मी असा बाकड्याच्या कडेला बसतो, खोक्याला पाठ लावतो, डोळे मिटतो. आवाज लाकडातून पाठीत येतो, पाठीतून हातात. पूर्वी इंदू ओरडायची, अहो आवाज कमी करा, गाव गोळा होईल. माझी बायको — ती बघा आत कणीक मळतेय. आता ओरडत नाय. सवय झाली तिला. माणूस सुधारतो. — परवा केंद्राचा सरावाचा भोंगा झाला म्हणतात, सगळी आळी बाहेर येऊन उभी राहिली. मी खोक्याला पाठ लावून बसून होतो. म्हातारा घाबरला नाय म्हणून बोलले नंतर. घाबरायचं काय त्यात?

जुने बदल्यात न्यायचे असं सांगितलंय प्रणवने? सांगू दे. आधी डबीची परीक्षा होईल, मग बोलू. कशाची परीक्षा ते तुमाला ठाऊक नाय ना? मग ऐका. गेल्या शनिवारी मारुतीच्या देवळात भजन चाललं होतं, आणि तो विनोद, आमचा बुवा — माझ्या मांडीवर खेळलेला — मधेच टाळ थांबवतो आणि सगळ्यांसमोर मला म्हणतो, काका, तुमी मागे पडता. मी! माझा हात मागे पडतो! त्याने नवी चाल बसवलीय, ती फोनवर पाठवली होती, मी घरी ह्या खोक्यांवर लावून हात बसवलेला. तर प्रणव उठून मधे पडला. म्हणे, बाबांचा दोष नाय, ते खोके जुने झाले, त्यातून शब्द सुटे येत नाहीत, नवे आणून देतो. बाजू घेतली माझी. आणि मी काय करायला पाहिजे होतं? गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी उठलो आणि बोललो — आणा नवे. नव्यावर ऐकून पण हात मागे पडला तर हा मृदुंग मी स्वतः दिग्विजयच्या गळ्यात घालीन. पाम गावचा पोरगा हाय तो, मागे बसून झांज वाजवतो. वाजवतो बरा. पण धुमीवर, म्हणजे मृदुंगाच्या खर्जाच्या पुडीवर, थाप मारतो ती पाटावर कपडा आपटल्यासारखी. — तर असं हाय. आज शनिवार. इंदू ती कणीक मळतेय ना, ती धुमीला लावायची, म्हणजे थाप खोल बसते. संध्याकाळी मारुतीसमोर मृदुंग कुणाच्या पुढ्यात असेल, ते ह्या तुमच्या रबराच्या पायांवर हाय.

लावा. आधी माझ्या खोक्यावर. तीच चाल, हा घ्या माझा फोन. — थांबा, पाठ टेकू द्या. — हां. — आली. बघा, धुम कसा बरगड्यांत येतो. आतून येतो. धा — हां — धा — बघा हात. — शब्द? शब्दांचं काय घेऊन बसलात, शब्द मला पाठ हायत, जन्म गेला त्यात. — तुमी मान कशाला हलवता अशी? ताल चुकतोय तुमचा. मी थाप मारायच्या आधीच तुमची मान खाली जाते. तिकडच्या भजनात घाई असते वाटतं. मला बघा आणि माझ्याबरोबर हलवा. — परत चुकलात. — असू दे. बंद करा. ऐकलंत ना? ह्याला खोका म्हणतात.

आता तुमची डबी. बाकड्यावर नको म्हणालो होतो ना — बरं ठेवा, परीक्षा म्हणजे परीक्षा, उद्या कोण म्हणायला नको की म्हाताऱ्याने खाली ठेवून ऐकली. पाठ लावू कुठे, पाठीला पुरत पण नाय. समोरच बसतो. लावा.

लावा की.

निळा दिवा लागला, पुढे? ह्याची वाट कसली बघायची? माझे खोके कळ फिरवली की बोलतात, हिला काय मुहूर्त लागतो? — काय? — लागलंय? कुठे लागलंय? नागोराव, मी शिकलेला नाय पण वेडा नाय. आतला पडदा बेडकाच्या गळ्यासारखा खालीवर होतोय नुसता, आवाजाचा पत्ता नाय. बिघडलेली आणलीत तुमी. मला वाटलंच होतं, प्लॅस्टिकचं ते — आता परत मान का हलवताय? वाजत नसताना मान हलवताय? — वाढवा मग. वाढवा. अजून. — अजून वाढवा हो, काय घाबरता, घर माझं हाय! — आता काय तरी येतंय, भिंतीपलीकडे कोण बोलतंय असं. हे? हे आणलंय प्रणवने? असल्या भिकार —

इंदू, तू कशाला बाहेर आलीस? काय झालं? — अगं, कणकेचे हात, कानाला काय लावतेस —

इंदू?

कान का दाबलेस?

नागोराव. ती डबी इकडे द्या. — बंद करू नका. तशीच द्या.

हं.

छातीशी धरली की कळतं. जोरात चाललीय. विनोदची चाल, दुसरं कडवं. — मी पहिल्याची वाट बघत होतो.

बंद करा आता. इंदू, हात खाली घे. केसांना कणीक लागलीय तुझ्या. कधीपासून तू — राहू दे. नंतर.

बसू नका, नागोराव, बसण्यासारखं काय झालेलं नाय. वायरी गुंडाळा. डबी चांगली हाय. प्रणवने विचारलं तर तसंच सांगा, डबीत दोष नाय म्हणावं. आणि खोक्यांत पण नाय. दोन्ही चांगले हायत. डब्या परत घेऊन जा, माझे राहतील इथेच, मला पाठ टेकायला लागतात. — जाताना देवळावरून जाल. पारावर दिग्विजय बसलेला असेल, लांब केसांचा. त्याला सांगा, काकांनी संध्याकाळी लवकर बोलावलंय. एवढंच सांगा. बाकीचं मी बोललोय सगळ्यांसमोर, ते त्याला ठाऊक हाय. थाप कशी मारायची ते मात्र आधी दाखवावं लागेल त्याला. — इंदू, ती कणीक थोडी त्याच्यापुरती बाजूला ठेव. उरलेलीच्या पोळ्या लाट.

काय म्हणालात?

नको. परत सांगू नका. पायताण घाला आणि जा.