पऱ्हाटीचा आधार

न्हाई न्हाई सायेब, तिला हात नका लावू — फुलदाणी हाय, पडायची न्हाई म्हणा, पण नका लावू. बसा की त्या खुर्चीवर. तर काय इचारत व्हता तुमी — येवढी उंच फुलं सरळ कशी उभी ऱ्हातात? सगळे हेच इचारतात. पुण्यातले लोक हिरवा स्पंज घालतात, त्यात दांड्या खुपसतात, झालं. आपल्याकडं स्पंज न्हाई. आपल्याकडं पऱ्हाटी! कापूस येचून झाला की रानात वाळकी झाडं ऱ्हातात न्हाई का, लोक चुलीला नेतात — तीच. तिच्या फांद्या फुलदाणीत आडव्यातिडव्या आडकवायच्या, घट्ट, जाळीवानी, आन् त्या जाळीतून ग्लॅडिओलसची एकेक दांडी खाली सोडायची. पान पाण्यात बुडू द्यायचं न्हाई, न्हाईतर पाणी घाण मारतं. सोपं हाय. डोकं मात्र लागतं. अख्ख्या पाटोद्यात हे डोकं कुणाचं? तुमीच सांगा. न्हाई म्हाईत? पेपरात आलतं की — मुस्तकीम, फुलवाले!

झालं काय, आपल्या अण्णासाहेबांच्या मंगल कार्यालयाचं उद्घाटन व्हतं. तुमी बाहेरचे, तुमाला म्हाईत नसंल — इथं कुठंबी फीत कापायची आसली की कात्री त्यांच्याच हातात. पेट्रोल पंपाची कापली, जिमची कापली, एकदा तर स्टँडवरच्या मुतारीची बी कापली. तिथं बी भाषण केलं, लांबलचक, आन् ज्यांना खरी गरज व्हती त्यांचे लई हाल झाले. तर त्यांचा माणूस आला, म्हणला, मुस्तकीमभाई, स्टेजवर अण्णांच्या उंचीची फुलं पाहिजेत, अण्णांपेक्षा उंच नको, बुटकी बी नको. आता अण्णा तसे बेताच्याच उंचीचे, पण त्यांच्या माणसांना ते उंच दिसतात, म्हणून आमी बी लांब दांड्या मागवल्या. आन् स्पंजाची गाडी पडली बंद मांजरसुंब्याला! फुलं ह्या बाजूनं धरली की त्या बाजूला लवंडायलीत. मी डोक्याला हात लावून बसलतो. लुबना — माझी बहीण, धाकटी, नवऱ्यानं सोडल्यापसून आमच्याकडंच आसती — आसायची — ती मागं चुलीपशी गेली, पऱ्हाटी घेऊन आली. म्हंजी मीच म्हणलो तिला, आण. म्हणलोच आसंन. मनात तर आलंच व्हतं माझ्या. मंग तिनं लावली, मी बघायलतो. बघणं हेच खरं काम आसतं सायेब, हात काय, कुणीबी हलवतंय.

फुलं आशी उभी ऱ्हायली म्हणता — अण्णांचं भाषण संपलं, लोक जेवायला पळाले, तरी फुलं ताठ. अण्णा खूश. लागलीच शाल, नारळ, फेटा. आता फेटा काय लुबनाच्या डोक्याला बांधायचा? बाईमाणूस. मंग मी घेतला बांधून. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो — अण्णा, मी आन् फुलं. खाली छापलेलं, 'मुस्तकीम यांची पर्यावरणपूरक कल्पना'. पर्यावरणपूरक म्हंजी काय ते मी नंतर मोबाईलवर बघितलं. लुबनानं पेपर वाचला, घडी घातली, म्हणली, ‘‘भाई, फुलं लई चांगली आलीत फोटोत.’’ बस्स, येवढंच. ह्यात राग कुठं दिसतो तुमाला? मला बी न्हाई दिसला. अम्मीला दिसला. आमची अम्मी, रहेमतबी — तिला काय, नसलेलं बी दिसतं.

मंग कॉलेजातून बोलावणं. पोरींसमोर करून दाखवा, अण्णा पाहुणे हायेत. मी लुबनाला म्हणलो, चल, पिशवी धरायला. तर म्हणती, ‘‘तुमीच जावा की भाई. कल्पना तुमची हाय.’’ गेलो! मी काय भेतो का कुणाला? ईदला शिवलेला सूट घालून गेलतो. माईक दिला हातात, आन् बोलायला आपण कमी न्हाई — निसर्ग म्हणलो, संस्कृती म्हणलो, महिलांना पुढं आणलं पाहिजे म्हणलो, टाळ्या! मंग फांद्या घातल्या. बराबर घातल्या, पण कॉलेजची फुलदाणी बुडाशी निमुळती, त्याला मी काय करू? आन् डोक्यावर पंखा सुसाट. अण्णा फोटोसाठी जवळ सरकले आन् सगळं धाडकन त्यांच्या अंगावर — फुलं, फांद्या, पाणी! पांढरा लेंगा. पाणी कुठं गेलं ते सांगत न्हाई, पण अण्णांनी भाषण बसूनच केलं, आन् जल्मात पयल्यांदा दोन मिनिटात उरकलं. पोरी हसून हसून येड्या झाल्या. एकीनं व्हिडिओ काढला. बघितला आसंल तुमी — न्हाई? बरं झालं. काय न्हाई त्यात, कावून बघायचा?

घरी आलो तर अम्मी म्हणती, ‘‘लुबनाला नेलं आस्तं, तिला बोलू दिलं आस्तं, तर?’’ मंग मी बी बोललो. तापलेला माणूस बोलतो. म्हणलो, घर माझं, दुकान माझं, खाती माझं, तर अक्कल बी माझीच की! — न्हाई, आसं म्हणलो नसंन. म्हणलो. लुबनानं कपडे भरले, स्टँडच्या पल्याड एक गाळा घेतला. अम्मी चार दिस म्हणून तिच्या मदतीला गेली, ती तिकडंच हाय. मी ढाब्यावर जेवतो. चांगलं आसतं ढाब्यावरचं, तिखट आसतं जरा.

जळत न्हाई मी. तिच्याकडं केजवरून लोक येतात, युसूफ वडगाववरून येतात, येऊ द्या. संध्याकाळी तिच्या दुकानावरून जातो ते आपले पाय मोकळे करायला. परवा दिसलं — बघितलं न्हाई, दिसलं — ती फांदी आधी भिजवून घेती, मंग वाकवून भांड्याच्या कडंला दाबून बसवती, म्हणून हालत न्हाई. मला हे कुणी सांगितलंच न्हाई. मी इचारलं बी न्हाई म्हणा. अम्मी आत बसून दांड्यांची पानं तोडायलती. दोघी कशावर तरी हसायल्या. येवढी हसती व्हय अम्मी? माझ्या दुकानात तर —

जाऊ द्या. बोला, कशाला पाहिजेत फुलं? भाचीच्या लग्नाला. कधी? आन् माझं नाव कुणी सांगितलं, पेपरात वाचलं का? ...कुणी? लुबनानं? आधी तिच्याकडं गेलता तुमी? मंग सांगायचं न्हाई का, मघापसून मी एकटाच बोलायलोय! तिला काम लई हाय — बरं. ‘भाई करून देतील’ म्हणली? आसंच म्हणली? आन् आजून? न्हाई, आठवा जरा. ‘न्हाई जमलं तर त्यांना म्हणावं, इकडं या.’ न्हाई जमलं तर? मला? मला न्हाई जमलं तर?

...हसत म्हणली, का साधंच?

अम्मी व्हती तिथं? काय करायलती अम्मी? दाराकडं बघायलती.

हां. आसं करा सायेब, तुमी निघा आता. आर्डर घेतली, घेतली म्हणलो ना. फुलं येतील वेळंवर. उठा, ती खुर्ची आत घ्यायची हाय. शटर ओढतोय मी. आत्ताच? हां, आत्ताच. कावून म्हंजी? स्टँडच्या पल्याड काम हाय मला. जावा की.