पिवळी ज्योत

"मशिनीचा पंप जुना, हवा दमट, आन् बोलनी मातर मला," पुढचा माणूस कुरकुरला.

एकाहत्तरची दिवाळी नुकतीच सरली होती. श्रीरामपूरच्या स्टँडवर नेवाशाच्या गाडीची रांग. गोजरबाईनं ओळखलं, हा माती तपासणीच्या लॅबोरेटरीतला शांतवन, शेजारी त्याचे साहेब. जमीन खारावल्याचा कागद यांनीच दिला होता. त्या कागदावर विसंबून परवाच तिच्या मालकानं मोसंबीची बाग मुळासकट काढली होती.

"माती तपासायच्या त्या ज्योतीला पंपाची हवा कोरडीच लागते, शांतवन."

"म्हनून तर सोय केली, साहेब. हवा सुकवायचे तुमचे निळे खडे संपले, मागवून चार म्हैने झाले."

"मग पंपाच्या बरणीत काय घातलंस?"

"खडेमीठ. पानी कसं ओढतंय बघा!"

"मीठ?"

"घरचंच हाय."

"अरे, तेच मीठ हवेबरोबर ज्योतीत जातं! आणि ज्योत पिवळी दिसली की मातीत मीठ आहे असं लिहितो आपण!"

"व्हय, पोळ्यापास्नं रोज पिवळीच हाय."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. "कुठं बोलू नकोस. नमुने पुन्हा मागवू."

"आमची बी माती मागवा," गोजरबाई म्हणाली.

दोघं वळले.

"तुम्ही कधी दिली होती, बाई?"

"दसऱ्याला."

"बघू हं. गाडी आली वाटतं."

"न्हाई आली."

"मावशी," शांतवन म्हणाला, "बाग असंल तर काढू नका इतक्यात."

"परवाच काढली. दोनशे झाडं. फळं धरली हुती."

"तसं नक्की काही सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "पुन्हा तपासल्याशिवाय..."

"साहेब, ऱ्हाऊ द्या," शांतवन म्हणाला. "मावशी, तुमची जमीन चांगली हुती."