बाकावरचं वाक्य

नको, स्टूल नको, मी उभाच बरा — आधी सांगा, मशीन चालू केलंय का? नाही ना? मग राहू द्या बंद. धनेशराव, सुगतने तुम्हाला जे वाक्य पाठवलंय ते कोरायचं नाही. हो, मुलगा माझाच. आईच्या नावाने सोसायटीला बाक देतोय, रविवारी तिचं वर्ष आहे, भन्तेजी येणार, सगळं मला मान्य. तुमचं ग्रॅनाइटही झकास आहे, काळं, आरशासारखं. म्हणून तर धावत आलो. कागदावरचं खोडता येतं, दगडावरचं कोण खोडणार? दाखवा बघू ते वाक्य मोबाईलवर — हां. ‘आई म्हणजे सूर्यालाही सावली देणारं झाड.’ खाली कोण? चिनी तत्त्ववेत्ता. मागच्या दिवाळीत हेच झाड आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर एका जपानी साधूच्या नावाने उगवलं होतं. मागचा ढगांचा फोटोसुद्धा तोच. मी विचारलं, संदर्भ काय? तर मला चार जणांनी हात जोडलेले पाठवले. आता हा माणूस चिनी असो की जपानी, त्याने आमच्या दुर्गाला कुठे बघितलं होतं? आणि झाड कसलं — ऊन लागलं की डोकं धरून बसणारी बाई ती.

तुम्ही हसताय, पण माझा जन्म बेलापूरला सरकारी ऑफिसात गेला, मला दुसऱ्याचं बोलणं म्हणजे काय चीज असते ते विचारा. साहेब तोंडी सांगणार — सिताराम, करून टाका. मी फाइलवर लिहिणार, ‘साहेबांशी झालेल्या चर्चेप्रमाणे’. उद्या भानगड झाली की साहेब म्हणणार, कसली चर्चा? मी तर त्या दिवशी पनवेलला होतो. म्हणून कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, समोर कोण होतं, हे विचारल्याशिवाय मी कुणाचं वाक्य पुढे सरकवलं नाही. लोकांना वाटतं ही मोबाईलची कृपा. अहो, ही खोड फार जुनी. पूर्वी लोक स्वतः रचायचे आणि शेवटच्या ओळीत एखाद्या संताचं नाव घालून मोकळे व्हायचे. आता उलट, संताचं ढापतात आणि खाली स्वतःचा फोटो लावतात. आणि ही अवतरणचिन्हं, हे दोन कावळे इकडे, दोन तिकडे — ही तर छापखान्याबरोबर आली आपल्याकडे. जुन्या पोथीत कुठे होती? तिथे बोलणं कुठे सुरू झालं ते वाचणाऱ्याने ओळखायचं. विहारात सूत्र म्हणतात ना, त्याची सुरुवात कशी असते? सांगणारा आधी स्वतःला पुढे करतो, की बाबांनो, हे मी ऐकलंय. म्हणजे काय? जो ऐकतो त्याच्यावर जबाबदारी. चूकभूल त्याची. ही मला पद्धत आवडते. आता मला सांगा, त्या झाडाची जबाबदारी कोण घेतंय? तुमचा ढगवाला?

काय? मग काय कोरायचं? फक्त नाव आणि तारखा टाका, बस्स. हे मी सुगतला सांगितलंही. तर तो म्हणाला, पप्पा, मोकळं दिसेल. पोरीने, संघमित्राने, तिकडून पुण्याहून फोन केला, की पप्पा, आई काहीतरी म्हणायची असेल की, तेच लिहू, तुम्ही आठवा. आता मी काय आठवणार? मला ती काय म्हणायची? अहो, पंखा बंद करा. अहो, दूध उतू गेलं. हे कोरायचं का दगडावर?

मग त्या बाकावरच्या बायका आल्या. ठाऊक नाही तुम्हाला? आमच्या बागेत, आमच्या बिल्डिंगच्या बरोबर खाली, जुना सिमेंटचा बाक होता, त्यावर हिची रोजची बैठक. तो मोडला म्हणून तर हा नवा. तर त्या तिघी आल्या आणि म्हणाल्या, दुर्गाताईंचं वाक्य आमच्याकडे आहे. मी म्हटलं, वा, म्हणजे पुरावे सादर. तळमजल्यावरची वैशाली, बँकेत असते, ती म्हणाली, मी ऑफिसातून रडवेली यायचे तेव्हा त्या म्हणायच्या, ‘बस थोडं, घर काही पळून जात नाही.’ स्मिता म्हणाली, छे, ‘बसून घे, संसार कुठे जातोय.’ आणि तिसरी सगुणाबाई. ती मूळची इथल्याच गावची, जमीन गेली, बिल्डिंगा आल्या, आता आमच्याच सोसायटीत दोन फ्लॅटची मालकीण. ती म्हणाली, ‘बस गो जरा, घर काय पलते?’ म्हटलं, सगुणाबाई, आमची दुर्गा नांदेडकडची, ती तुमच्या बोलीत कधीपासून बोलायला लागली? तर म्हणते कशी, माज्याशी माज्यासारकीच बोलाची ती.

तीन साक्षीदार, तीन जबान्या. मला संशय येणार की नाही? नाही, ऐका, उलटं आहे. तिघींचं शब्दाला शब्द जुळलं असतं तर मी म्हटलं असतं, शिकवून आणलंय. जुळत नाही म्हणजे मुळात काहीतरी बोलणं झालेलं असतं, हा माझा अनुभव. पण माझ्यापुढे प्रश्न वेगळाच — इतकी वर्षं संसार केला, मला कधी म्हणाली नाही ती, बस म्हणून. त्यांना म्हणाली आणि मला नाही? की मी कधी उभाच नव्हतो? जाऊ द्या.

तर कोरायचंच असेल तर त्या तिघींचं तसं कोरू नका, तिघींचंही चुकलंय. ती ‘बस’ म्हणायचीच नाही. ‘टेक’ म्हणायची. लिहून घ्या — ‘टेक जरा. घर काय पळून चाललंय?’ जातंय नाही, चाललंय. आणि ‘टेक जरा’च्या पुढे पूर्णविराम हवा, कारण तिथे ती थांबायची. समोरची बसेपर्यंत थांबायची, मग घराचं बोलायची.

मला कसं माहीत? — म्हणजे काय, आवाज वर येतो. दुसऱ्या मजल्यावर राहतो मी, गॅलरी बागेच्या बाजूला. संध्याकाळी मी तिथे पेपर वाचतो. सकाळचाच, मग काय झालं, सकाळचा पेपर संध्याकाळी वाचायला बंदी आहे का? अंधार पडल्यावरही. दिवा लावला की डास येतात, म्हणून नव्हतो लावत. धनेशराव, तुम्ही दगड कोरता की माणसं?

नाही, तिला कुठे माहीत असणार. मी कपडे वाळत घालायच्या दोरीमागे खुर्ची टाकायचो. निदान आज सकाळपर्यंत माझी तीच समजूत होती. आज सकाळी दूध आणायला उतरलो, तर गेटवर सगुणाबाईंनी गाठलं. म्हणाल्या, भाऊ, वाक्याचं काय ते ठरवा, पन तुमाला एक सांगाचं राहिलं. मी हलू बोलली की दुर्गा मना टोकाची. काय म्हणून टोकायची, विचारलं. तर —

‘जरा जोरान बोल गो, वरती आमचा मानूस ऐकाला बसलाय.’

मी मुद्दाम शब्द तेच ठेवले. माझ्या पदरचं काही घातलं नाही. आता यात दुर्गाचं किती आणि सगुणाबाईंचं किती, कोण सांगणार? सगुणाबाई बोलायला तिखट, मग एवढी वर्षं गप्प का राहिली? काही मतलब असेल? मी तिथेच विचारणार होतो की हे कधी म्हणाली, समोर कोण होतं. नाही विचारलं. दूध घेतलं आणि घरी न जाता तडक इकडे आलो. ही पिशवी काय, ते दूधच आहे.

तर काय ठरलं — वर दुर्गाबाई, खाली वाक्य, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं, नीट खोल घाला. पोथीत नव्हती तर नव्हती, इथे हवीत. माझं नाव कुठेही नको. सुगत विचारेल, कुणी सांगितलं? सांगा, बाकावरच्या बायकांनी. गॅलरीचं त्याला बोलायचं नाही. कसली गॅलरी? मी तुम्हाला काही म्हणालोच नाही. इथे दुसरं कोण होतं ऐकायला? मग झालं तर.

चला, लावा तुमचं मशीन. लावा हो, दूध नासेल माझं.