बाळाला काय धाड भरलीय!

छान आहे हो, बाळ अगदी छान आहे, बाळाला काय धाड भरलीय! तुम्हाला सांगते, येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता हेच विचारतो, "बाळ कसंय?" आणि दार उघडायला कोण उभं? मी. एका हाताने भिंत धरून, टाके सांभाळत. तर मला दाराच्या पडद्यासारखं बाजूला सारतात आणि थेट पाळण्याकडे! परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. माझी स्वतःची आई बरं का. म्हणाली, जरा सरक गं, तुझ्यामुळे उजेड अडतोय. सासूबाई वाईट नाहीत, जीव लावतात, पण विचारणार काय, तर "दूध पुरतंय ना?" आणि तेही कसं, गच्चीवरच्या टाकीची चौकशी करावी तसं! नवरा कामावरून येतो, हात धुतो, पाळण्यावर वाकतो, "कोण आलंय? बाबा आलाय!" अरे बाबा, मी पण आहे इथे, पलंगावर, बऱ्याच वेळापासून...

विचारलं ते एकट्या सुईणबाईंनी. माझं बाळंतपण त्यांनीच केलं. कळ आली की मी त्यांचा दंड असा काही पिरगाळायचे, की दुसरी कुणी असती तर हात झटकून गेली असती. या म्हणाल्या, "पिरगाळ, अजून दुसरा आहे." घरी सोडल्यावर काही दिवस त्याच तपासायला येणार होत्या. पहिल्या दिवशी सासूबाई बाळाला नटवून सामोऱ्या गेल्या, तर बाई म्हणाल्या, त्याच्याकडे नंतर बघू. आणि सरळ माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसल्या, पाळण्याकडे चक्क पाठ करून.

"तू कशी आहेस?"

मी म्हटलं, बाळ छान आहे.

"बाळाचं नाही विचारलं."

झालं, मला जे रडू फुटलं! उशी भिजली, त्यांचा रुमाल भिजला, आणि त्या आपल्या शांतपणे टाके बघतायत, पोट दाबून बघतायत, झोप लागते का, गरम खातेस की सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं गार... मग बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, चहा पी. कितीतरी दिवसांनी मी कढत चहा प्याले हो. जीभ भाजली, पण काय सुख!

आणि एक दिवस म्हणतात, आता माझं काम संपलं, काही वाटलं तर फोन कर. काही वाटलं तर? मला तर रोजच वाटत होतं. पण फोनवर सांगणार काय? तुमची आठवण येते, असं सुईणीला कुणी कळवतं का? मग आजारी कुणाला पाडायचं... पाळण्यातल्याला! आधी सांगितलं, श्वासाला घरघर आहे. बाई आल्या, छाती ऐकली, स्वच्छ. मग सांगितलं, पाठीवर लाल डाग आहे. आल्या, बोटाने पुसला, तर दुपट्याचा रंग लागलेला. कारण बाळ छानच होतं हो, बाळाला काय धाड भरलीय! पण दोन्ही वेळा जाताना त्यांनी मला विचारलं, आणि दोन्ही वेळा मी कढत चहा प्याले.

तिसऱ्यांदा फोन करून म्हटलं, रडायचं थांबतच नाही. त्या म्हणाल्या, फोन त्याच्या तोंडाशी धर. आता आली का पंचाईत! हे शहाणं पोट भरून ढाराढूर. मग मी काय केलं... हसू नका... न्हाणीघरात गेले, दार लावलं आणि स्वतःच सुरू केलं, ट्यांहा, ट्यांहा! मग बाई म्हणाल्या, "आले." आणि बाहेरून सासूबाई, बाळाला आत नेलंस का गं?

जिना चढून धापा टाकत आल्या, पाळण्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीचं दार लोटलं.

"रडणं ऐकलं मी. बाळाचं नव्हतं ते."

मी मान खाली घातली. म्हटलं, "तुम्ही आलात की मी पण या घरात आहे असं वाटतं."

रागावल्या नाहीत. उलट कितीतरी वेळ विचारत बसल्या, बाळ झोपल्यावर तरी झोप येते का, मनात भलतंसलतं येतं का, आलं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. तसं नव्हतं काही. नुसतं एकटं वाटत होतं, इतकंच. मग हळूच म्हणाल्या, "रोज नाही गं येऊ शकत. कुठे ना कुठे कुणीतरी अडलेली असते." आणि नवऱ्याला हाक मारली, सुट्टी होती त्याची. त्याला पलंगाच्या कडेला बसवला, खांदे धरून पाळण्याकडे पाठ करायला लावली. हिला विचारायचं, म्हणाल्या, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही. तो बिचारा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा, "तू... कशी आहेस?" आता बाई, हा आणि दारातून सासूबाई, तिघं माझ्या तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर मी काय सांगणार? बरी आहे म्हटलं.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. यायच्या कशाला? बाळ छान, बाळाला काय धाड भरलीय! पण खाली बाईंच्यासारखी स्कूटर थांबली की मी अजून खिडकीशी जाते. कधी दूधवाला असतो, कधी कुणाचं पार्सल. बघते, परत येते, आपला चहा आपणच गरम करते.

आणि काल संध्याकाळी नवरा आला, हात धुतले, आणि पाळण्यावर न वाकता कडेला येऊन बसला. कुणी न सांगता. म्हणाला, "खरं सांग, कशी आहेस?" माझा बांधच फुटला. कळा येताना वाटलं होतं मी काही परत येत नाही, ते सांगितलं. हे अंग अजून माझं वाटत नाही, दुसऱ्याच्या घरी राहायला आल्यासारखं वाटतं, ते सांगितलं. बाईंची किती आठवण येते, ते सांगितलं... आणि बघते तर हा बसल्या बसल्या घोरतोय! त्याचं तरी काय चुकलं, आमच्याबरोबर तोही जागतोच की. उठवलं नाही मी.

बाळ मात्र टक्क जागं, माझ्याकडे बघत. मग काय, राहिलेलं सगळं त्यालाच सांगितलं. मध्येच एक जांभई दिली त्याने... पण जांभई काय, माणूस ऐकतानाही देतो.