बारा कोरडे ठोकळे

(जयपूर, मुरलीपुरा. ऑगस्ट १९८७. तीज होऊन गेली तरी पावसाचा पत्ता नाही. रेल्वेतून वर्क्स मिस्त्री म्हणून रिटायर झालेले शेषराव संध्याकाळचे गच्चीवर बसले आहेत. बायको द्वारकाबाई ज्वारी निवडते आहे. मुलगी रत्नमाला कॉलेजच्या लॅबमधून आली ती थेट वर, चप्पलसुद्धा न काढता.)

रत्नमाला: ...त्रेचाळीस टन, बाबा! मशीनचा काटा चढतोय, चढतोय, थांबायचं नावच नाही. मी तर डोळेच मिटून घेतले.

शेषराव: कोणते ठोकळे? पाण्याच्या टाकीतले?

रत्नमाला: टाकीतले शेहेचाळीसला फुटले, ते फुटणारच होते तेवढ्याला. मी आपल्या गच्चीवरचे म्हणतेय! संगमरवराची भुकटी घातलेले. ज्यांना अठ्ठावीस दिवस थेंबभर पाणी दिलं नाही, ते.

शेषराव: बाराच्या बारा?

रत्नमाला: बाराच्या बारा! कुणी बेचाळीस, कुणी चव्वेचाळीस.

द्वारका: मला समजंल असं सांग की, माय. ठोकळा फुटला तर हसायचं का रडायचं?

रत्नमाला: मतलब असं बघ, आई. मशीन दाबत जातं; जितक्या जास्त टनांना ठोकळा फुटतो, तितका तो पक्का. काँक्रीट टाकलं की त्याच्यावर रोज पाणी मारावं लागतं. नाही मारलं तर ते कच्चं राहतं. बाबांनी जन्मभर तेच केलं ना? आणि विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यांत दगड कापताना पांढरी भुकटी निघते, ती सीकर रोडच्या कडेला ओततात. झाडं पांढरी, माणसं खोकतात. ती भुकटी मी काँक्रीटमध्ये घातली. आणि आज कळलं की ती घातली तर पाणी मारायची गरजच नाही! भुकटी पण कामाला आली, पाणी पण वाचलं.

द्वारका: ह्या दुष्काळात बिनपाण्याचं पक्कं? लई चांगलं झालं गं.

रत्नमाला: नीलकंठ सर खुर्चीवरून उठले, आई. माझे गाइड. चार वर्षांत मी त्यांना माझ्यासाठी उठताना बघितलं नव्हतं. म्हणाले, पेपर लिहायला घे. आणि ऐका तर! चौमूंजवळ एका गावात शाळेची खोली अडकून पडलीये, पाणी नाही म्हणून. सरांनी सरपंचजींना शब्द दिला. सोमवारी माझ्या मिश्रणाचा स्लॅब टाकणार, पाणी न मारता.

शेषराव: सोमवारी?

रत्नमाला: आज शनिवार, मतलब परवाच.

शेषराव: आणि त्या खोलीत पोरं बसणार.

रत्नमाला: शाळा आहे, बाबा, पोरंच बसतील ना. तुम्ही खूश नाही झालात?

शेषराव: झालो. झालो की.

रत्नमाला: मी मिठाई आणलीये, घेवर. खालच्या मधुमती काकूंना देऊन येते आणि त्यांच्या फ्रीजमधलं गार पाणी आणते. मी येईपर्यंत खायचा नाही हं.

द्वारका: सावकाश उतर! पाय मोडून घेशील... गेली. हं, आता बोला. तोंड कामून उतरलं तुमचं?

शेषराव: द्वारका, त्या ठोकळ्यांना मी पाणी मारलंय.

द्वारका: काय?

शेषराव: पोरगी रुडकीला ट्रेनिंगला गेली होती की नाही, साचे काढले त्याच दिवशी? ते तीन आठवडे. रोज. सकाळी अर्धी बादली, सांजच्याला अर्धी.

द्वारका: टँकरचं पाणी तर मी मोजून घेते. कुठली बादली?

शेषराव: माझ्या अंघोळीची.

द्वारका: म्हणून! म्हणून रोज म्हणायचे, अंगात कसर आहे, नुसतं अंग पुसून घेतो. ह्या उकाड्यात कसर! आणि मी येडी काढे करून पाजत बसले.

शेषराव: काढा चांगला होता.

द्वारका: पण ती सांगून गेली होती ना, हात लावू नका, माकडं पाडतील तेवढं लक्ष ठेवा म्हणून?

शेषराव: हात कुठं लावला? लोट्यानं ओतलं. हसू नको तू. बत्तीस वर्षं हेच काम केलं मी. नव्या काँक्रीटवर ऊन पडलेलं दिसलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पहिल्या दिवशी मन आवरलं. दुसऱ्या दिवशी वर आलो तर गच्चीवर पाय ठेववत नव्हता. मला वाटलं, पोरगी गडबडीत सांगायची विसरली. लेकराला पाज म्हणून कुणी सांगावं लागतं का?

द्वारका: मग ती आल्यावर तरी बोलायचं.

शेषराव: आल्यावर बघितलं, ती पाणी मारतच नाही. तेव्हा उमगलं की कोरडेच ठेवायचे होते. मग छाती झाली नाही. म्हटलं, एवढ्याशा पाण्यानं काय होतंय.

द्वारका: मग आताही तेच म्हणा. गप बसा.

शेषराव: द्वारका!

द्वारका: काय द्वारका? चार वर्षं त्या पोरीचं तोंड सुकून गेलंय. तिच्याबरोबरच्यांची लेकरं शाळेत जायला लागली. आज मनापासून हसली ती. तुमच्या एका बादलीनं कितीसा फरक पडणार?

शेषराव: तोच ठोकळा कोरडा ठेवला तर तिसालाही उभा राहायचा नाही. एवढा फरक. आणि तो पोरांच्या डोक्यावर.

द्वारका: ...आली ती. जिन्यात पाय वाजतोय. तुमचं तुम्ही बघा आता.

रत्नमाला: हे घ्या गार पाणी. काकू म्हणाल्या, डॉक्टरसाहेब म्हणू का आतापासून? हे काय, दोघांची तोंडं अशी का?

शेषराव: बस, माय. आधी बस. तुझे ठोकळे कोरडे नव्हते.

रत्नमाला: मतलब?

शेषराव: तू रुडकीला होतीस तेव्हा मी पाणी मारलं त्यांना. वीस दिवस.

रत्नमाला: मजाक करताय.

शेषराव: नाही.

रत्नमाला: रोज?

शेषराव: रोज. एक खाडा नाही.

रत्नमाला: बाबा, मी सरांना सही करून कागद दिलाय! ती भुकटी मी सायकलवर गोणी लादून आणली, वाळवली, चाळली. केस पांढरे करून घरी यायची मी. चार वर्षं! आणि तुम्ही...

द्वारका: अगं, स्वतःची अंघोळ सोडून...

रत्नमाला: तू नको बोलू, आई! तुला पण माहीत होतं?

द्वारका: आत्ता कळलं. आणि मी तर म्हटलं, सांगू नका. खोटं कशाला बोलू?

रत्नमाला: मग सांगितलं कशाला, बाबा? नसतं सांगितलं तर मला कधी कळलंच नसतं.

शेषराव: एकदा नव्हतं सांगितलं.

रत्नमाला: काय?

शेषराव: तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. एका छोट्या पुलाचं काम होतं. पाण्याचा टँकर तीन दिवस आलाच नाही. रोज रजिस्टर भरायचं काम माझं. मी लिहिलं, पाणी मारलं. तीन दिवस, तीन सह्या. वाटलं, कुणाला कळतंय? साचे काढले तर स्लॅबला बोट जाईल एवढी चीर. साहेबानं रजिस्टर बघितलं, ते बरोबर. म्हणजे पाणी मारणारा मजूर कामचोर. भगवान नाव त्याचं. त्याच दिवशी काढून टाकला. तो माझ्याकडं बघत उभा होता, माय. आणि मी नाही सांगितलं.

द्वारका: हे मला पण नाही सांगितलं कधी.

शेषराव: कुणालाच नाही.

रत्नमाला: मग भगवानकाका कुठे गेले?

शेषराव: माहीत नाही. विचारायला तोंड होतं का मला? ...तुझ्या सरांना मीच सांगतो. चूक माझी आहे.

रत्नमाला: प्रयोग माझा होता. बारा क्यूब तुमच्यासमोर उन्हात ठेवून मी निघून गेले. तुम्हाला ओळखत नव्हते का मी? थांबा जरा. मला रडू येतंय.

द्वारका: रड, बाई. पण दोन घोट पाणी पी आधी.

रत्नमाला: ...बादली केवढी होती?

शेषराव: अं?

रत्नमाला: अंघोळीची. लोखंडाची का ती निळी प्लास्टिकची?

शेषराव: निळी. पंधरा लिटरची. काठोकाठ नाही भरायचो.

रत्नमाला: मतलब बारा क्यूबना बारा-तेरा लिटर. एकेकाला दिवसाला एक लिटर, आणि तरी त्रेचाळीस टन.

द्वारका: मग हे चांगलं का वाईट?

रत्नमाला: अजून माहीत नाही, आई. भुकटीमुळे एवढं झालं का बाबांमुळे, ते बघावं लागेल. परत टाकायचे. बारा खरोखर कोरडे, बारा बादलीवाले, आणि बारा बिनभुकटीचे, तेही बादलीवालेच. अजून एक महिना. पण सोमवारचा स्लॅब आधी थांबवायला हवा. मी आत्ताच सरांच्या घरी जाते.

शेषराव: मी येतो.

रत्नमाला: याच. सर ओरडले तर दोघांनी मिळून ऐकून घेऊ. पण त्याआधी ही वही घ्या. कोणत्या तारखेला किती पाणी मारलं, सगळं लिहा. खाली सही करा.

शेषराव: तुझ्या वहीत? मी?

रत्नमाला: पाणी तुम्ही मारलं ना? मग लिहिणार कोण?

शेषराव: अक्षर चांगलं नाही राहिलं आता... बघू, पेन दे. माय, एक विचारू का? अकराव्या दिवशी टँकर उशिरा आला. त्या दिवशी पुरी बादली नव्हती मिळाली, अर्धीच झाली. ते काय लिहू?

रत्नमाला: अर्धीच लिहा, बाबा.